सोपान, वय चार

"गाव कोणतं ते तरी सांगा. त्याशिवाय मी कोणतं दप्तर काढू?" कचेरीतल्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या दिगंबरपंतांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

नथूला तेच तर माहीत नव्हतं. लोणावळ्याच्या यार्डात तो रुळांचे सांधे बदलायचा. आज सुट्टी घेऊन तो वडगावच्या तालुका कचेरीत आला होता. मुलगी शालू हिला चांगलं स्थळ आलं होतं, पण वराच्या बापाला मूळ गाव, आडनाव आणि देवक हवं होतं. प्लेगच्या साली लोणावळा स्टेशनावर रडत उभा असलेला चार वर्षांचा पोर महिपती मुकादमांनी घरी नेला, नथू म्हणून वाढवला, रेल्वेत लावला. मुकादम आता नव्हते. त्यांनी कुणापासून काही लपवलं नव्हतं, त्यामुळे नथूलाही खोटं सांगता येत नव्हतं.

दिगंबरपंतांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. पण एवढ्याशा माहितीवर काही सापडायचं नाही, असंही सांगितलं.

नथूने घरी येऊन हे मुकादमांच्या बायकोला, झुंबरबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्या रात्री नीट जेवल्या नाहीत. सकाळी तो कामावर निघाला तेव्हा मात्र त्यांनी त्याला दारात थांबवलं.

"कवठीच्या पट्टीत जायचं म्हून तू लय रडायचास. पल्याड नदी हाय, गढी हाय, म्हनायचास."

"इतकी वर्सं बोलली न्हाईस, आई?"

"बोलले असते तर कुनीतरी येऊन तुला घेऊन गेलं असतं. आमाला दुसरं लेकरू न्हवतं."

नथू उंबऱ्यावर बसला. त्याला रागावायचं होतं, पण राग काही येईना. थोड्या वेळाने तो उठला आणि जाऊन येतो म्हणाला. झुंबरबाई तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभ्या होत्या.

पुढच्या सुट्टीला तो पुन्हा कचेरीत गेला. नदी आणि गढी म्हटल्यावर पंतांनी इंदुरी गावचं दप्तर काढलं. जुनी मोडी अक्षरं बोटाने चाचपत त्यांनी दुपारपर्यंत पानं उलटली. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि ते सावकाश वाचू लागले.

"शेत कवठीची पट्टी. रखमाजी बिन गेणू पानसरे, मयत. बायको मयत. मुलगा सोपान, वय चार, बेपत्ता. सबब जमीन भाऊ दत्तोबा याचे नावे."

नथूने ते पुन्हा वाचायला लावलं. मग त्याने विचारलं, "आईचं नाव न्हाई व्हय त्यात?"

पंतांनी मान हलवली. त्यांनी त्या नोंदीची नक्कल बाळबोधीत लिहून दिली आणि इंदुरीला जाऊन या म्हणाले.

दत्तोबा वारले होते. त्यांचा मुलगा अंबाजी अंगणात औताची दुरुस्ती करत होता. नथूने कोण, कुठला ते सांगून कागद दाखवला. जमिनीचा कागद म्हटल्यावर अंबाजीचा चेहरा उतरला. त्याने पाहुण्याला बसही म्हटलं नाही.

"दादा, मी जमिनीसाठी न्हाई आलो," नथू म्हणाला. "पोरीच्या लग्नात चुलता म्हून उभं ऱ्हावा, येवढंच मागनं हाय."

आतून अंबाजीची आई नंदाबाई भिंतीला धरत बाहेर आल्या.

"सगुणेचा सोपान?"

पस्तिसाव्या वर्षी नथूने आपल्या आईचं नाव पहिल्यांदा ऐकलं. नंदाबाईंनी त्याला जवळ बसवून सगळं सांगितलं. आईबाप एका दिवसाआड गेले. पोर धडधाकट होतं, म्हणून नंदाबाईंनीच त्याला आपल्या भावाबरोबर घाटाखाली माहेरी धाडलं. भाऊ वाटेतच वारला, आणि पोराचा पत्ता लागला नाही.

"मी धाडाया नको हुतं," त्या म्हणाल्या.

"धाडलंसा म्हून जगलो, काकी."

अंबाजीने घोंगडी आणून अंथरली. पाणी दिलं आणि देवकही सांगितलं.

वैशाखात लोणावळ्याला लग्न झालं. अंबाजी फेटा बांधून मुलीमागे उभा राहिला. पत्रिकेत नथूने आपलं नाव 'नथू ऊर्फ सोपान' छापलं होतं, आणि बापाच्या जागी महिपती मुकादम व रखमाजी पानसरे अशी दोघांची नावं घातली होती.

पंगती सुरू झाल्या तेव्हा झुंबरबाई एकट्याच भिंतीशी बसल्या होत्या. नंदाबाई आपलं पान उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. नथू वाढत वाढत तिथवर आला. सोपान चालायला उशिरा लागला, त्याला बैलांची भीती वाटायची, असं नंदाबाई सांगत होत्या. चार वर्षांपर्यंतचं त्यांचं सांगून झालं.

"मंग फुडं?" त्यांनी विचारलं.

झुंबरबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि पुढचं सांगायला सुरुवात केली. नथू आमटीची बादली घेऊन तिथंच उभा राहिला. पंगतीतले पुढचे लोक वाट बघत होते.