सुताराचं दार

पाळकसाहेबांची बदली झाली होती. बिशपांचं पत्र आलं की पाळकाने बिऱ्हाड उचलायचं, हा त्यांच्या मंडळीचा नियमच होता. रविवारची उपासना झाली की निघायचं होतं. आणि आज होता गुरुवार, म्हणजे सुताराकडे जायचा वार.

चर्चमधला एक बाक हलवण्यावरून सुतार सहा वर्षांपूर्वी जो रुसला, तो उपासनेला परत फिरकलाच नाही. पाळकसाहेब मात्र दर गुरुवारी त्याचं दार वाजवायचे. दार काही उघडायचं नाही. बदलीआधी ते उघडावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

"अहो, अर्धं सामान बांधायचं राहिलंय! आज तरी राहू द्या," जुन्या साडीत कपबशा गुंडाळत बायको म्हणाली. "तो म्हणजे पालथा घडा, कितीही पाणी ओता!"

"सुलटा होईपर्यंत ओतायचं," म्हणत पाळकसाहेबांनी चपला घातल्या. आपल्या जागी कालच आलेल्या नव्या पाळकबाईंनाही त्यांनी सोबत घेतलं.

दार वाजताच आतून आवाज आला, "बदली झाली ना साहेब? सुटलो बुवा!"

"तू कुठला सुटतोस? नव्या बाईंना तुझं दार दाखवायला आणलंय."

आतला रंधा थांबला. "म्हणजे आता याही दर गुरुवारी येणार?"

"येणारच," पाळकबाई म्हणाल्या. "मी तर मंगळवारीही मोकळी असते."

कडी निघाली. अंगभर भुसा माखलेला सुतार हात जोडून दारात उभा होता.

"या आत," तो म्हणाला. "पण साहेब, रविवारचं प्रवचन लांबवू नका. फार वेळ बसलं की माझी पाठ धरते."