तीनदा थांब

मी बूट-चपला दुरुस्त करतो. त्यामुळे लग्नानंतर बायको पहिल्यांदा म्हणाली की हे सोलचं गाणं आहे, तेव्हा मी विचारलं, कुठल्या बुटाचं? ती इतकी हसली की दूध उतू गेलं. सोल म्हणजे आत्मा, ही गाणी पोटातून म्हणायची असतात, हे मला तिनेच सांगितलं.

त्या गाण्याची तबकडी आमच्याकडे होती, जुन्या बाजारातून आणलेली. गाण्यातली बाई निघालेल्या माणसाला 'थांब' म्हणते, नेमका तिथे चरा पडला होता. सुई अडकायची. थांब, थांब, थांब. मग मी ग्रामोफोनच्या पेटीला टपली मारायची आणि गाणं पुढे सरकायचं. बायकोच्या तोंडी ते तसंच बसलं, टपलीसकट. ती लाँड्रीत इस्त्री करायची. तिथे तिसऱ्या 'थांब'ला टेबलावर इस्त्री आपटते, असं सांगायची.

पुढे त्या तबकडीवर मेहुणा बसला. अंगाने भरलेला माणूस, दोन तुकडे झाले. बायको म्हणाली, "जाऊ दे, मला पाठ आहे."

ती गेली. तिचा आवाज आम्ही कशातच भरून ठेवला नव्हता. मुलीने मायेने माझ्या फोनवर तेच गाणं शोधून दिलं. मूळ बाईचं, मग एका घोगऱ्या पुरुषाचं, कुणी नुसतं पियानोवर वाजवलेलं, पोरींच्या एका टोळीने नाचत म्हटलेलं. सगळे गुणी. पण सगळे एकदाच 'थांब' म्हणतात आणि चालू लागतात. काम करता करता मी ऐकत राहिलो. एक दिवस बायकोचं म्हणणं आठवायला गेलो, तर कानात त्या मूळ बाईचा आवाज. फोन खणात टाकला. मुलीने विचारलं, आवडलं नाही का बाबा? मी पुढचा बूट हातात घेतला.

त्याच आठवड्यात लाँड्रीतून निरोप आला की तिच्या कामावरच्या चपला तिथेच राहिल्यात. दिवसभर उभं राहावं लागतं म्हणून त्या मीच जाड सोल लावून दिल्या होत्या. आणायला गेलो.

आत वाफ दाटलेली. बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या. एक अनोळखी बाई गात होती. थांब, थांब, थांब. आणि सगळ्यांच्या इस्त्र्या एकदम, धप्प.

मी दारातच राहिलो. मुकादम बाईंनी पाहिलं आणि या भाऊजी म्हणाल्या. मी त्या नव्या बाईला विचारलं, हे कुठे ऐकलंत?

"इथेच. का, चुकलं का काही?"

"चुकेल कसं?" मुकादम बाई म्हणाल्या. "ताई म्हणायच्या तसंच म्हणतो आम्ही. फोनवर ऐकलं एकदा, तर त्यातली बाई एकदाच म्हणते. तिला कुणी सांगितलं नसणार."

मला हसू फुटलं आणि डोळेही भरले. म्हटलं, "बरोबर आहे. असंच आहे ते."

चपला नव्या बाईच्याच पायात होत्या. ती ओशाळून काढायला लागली. मी उलटून पाहिल्या, टाच झिजली होती. म्हटलं, उद्या आणून देतो, तुम्हीच घाला.

दुसऱ्या दिवशी नवा सोल बसवताना खणातून फोन काढला आणि गाणं लावलं. मूळ बाई 'थांब' म्हणून पुढे गेली. राहिलेले दोन मी म्हटले आणि हातोडी मारली.