पोटफोडी

मुशीच्या पोटात सुरी घालून तिने ती शेपटीकडून कल्ल्यांकडे ओढली, तशी पिल्लं धपाधप ओट्यावर पडली. जिवंत होती. नाळेला लोंबकळत, वळवळत, तोंडं उघडत. बोटीवरच्या एकाने त्यातलं एक बुटाच्या टाचेखाली चिरडलं आणि हसून म्हणाला, "पोटफोडी, बघ, एकीवर एवढ्या फुकट."

"पाय काढ," ती म्हणाली. "ओटा माझा आहे."

धक्क्यावर तिला सगळे पोटफोडीच म्हणत. नवरा गेल्यापासून ती धाकट्या भावाच्या बोटीची मासळी कापत आली होती. भावाचं नाव धक्क्याने पैलवान ठेवलं होतं आणि ते नाव सार्थ करायची एकही संधी तो सोडत नसे. रीत अशी, की धरायचं पुरुषांनी, चिरायचं बायकांनी. पुरुष मुशीच्या डोक्यात सोटा घालायचे, तिला धक्क्यावर फेकायचे आणि चहाला जायचे. आतून काय निघतं हे बघायला थांबण्याइतकी फुरसत एकाही शूराला नव्हती.

मुशीचा, म्हणजे शार्कचा, अभ्यास करणारी एक मॅडम वर्षभर धक्क्यावर येत होती. तिला धक्क्याने मुशीबाई करून टाकलं. मुशी कुठे विते ते कळलं तर विणीच्या दिवसांत तेवढी जागा जाळ्यांना बंद ठेवता येईल, नाहीतर थोड्याच वर्षांत मुशी औषधालाही उरणार नाही, असं ती सांगे. पुरुषांनी नकाशावर बोटं ठेवून तिला जागा दाखवल्या. प्रत्येकाने दुसऱ्याची दाखवली. आपली जागा सख्ख्या बापालाही न सांगणारी ही माणसं. आपण खोटं बोललो असंही त्यांना वाटलं नाही.

"मावशी, तुम्हाला काय वाटतं?" मुशीबाईने शेवटी पोटफोडीला विचारलं.

पोटफोडी जन्मात बोटीवर चढली नव्हती. पण भरल्या पोटाच्या मुशीच्या कल्ल्यांत कायम काळा, कुजक्या पानांचा गाळ असतो, हे तिने पाहिलं होतं. तसला गाळ फक्त नदीच्या मुखाशी. तिथे जाळं टाकायचा एकटा पैलवान. पण आया दरसाल लहान होत चालल्या होत्या, पोटं रिकामी निघत होती. थोडे महिने जागा मोकळी सोडली तर भावाच्या पोरांना मुशी दिसेल. नाहीतर भावालाच दिसणार नाही. तिने सांगून टाकलं.

नदीच्या मुखाशी बंदीचे तरंगते लाल बोये लागले, त्याच दुपारी पैलवान तिच्या खोलीत आला.

"ताई, माझी जागा कोणी सांगितली?"

"मी."

त्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. फळीवरची भांडी खाली आली. "माझं खाऊन माझ्याच पोटावर पाय देतेस?"

"तुझं खात नाही मी. तुझं कापते. कापायचं खाते."

त्याच्या हातात सोटा होता. त्याने तिचं उजवं मनगट उंबऱ्यावर दाबलं आणि सोटा घातला. पहिल्या घावाला हात बधिर झाला. दुसऱ्याला हाड मोडलं, ते तिने वाळकी काटकी मोडावी तसं स्वच्छ ऐकलं. शेजारीण दारापर्यंत आली आणि पदर तोंडाला लावून मागे फिरली.

दवाखान्यात मुशीबाई रडायला लागली. "मावशी, माझ्यामुळे झालं हे."

"तुमच्यामुळे कशाला? हात त्याचा होता."

"पोलिसांकडे जाऊ या."

"तो आत गेला तर बोट दुसरा चालवील. जागा तीच, जाळं तेच."

हात गळ्यात बांधून ती पुन्हा ओट्याशी बसू लागली. एका सकाळी पैलवान बंदी मोडून आला आणि भली थोरली मुशी त्याने तिच्यापुढे टाकली. कल्ले हलत होते. सोटा त्याने मुद्दामच घातला नव्हता.

"काप. जमत नसेल तर ओटा सोड. उद्यापासून दुसरी बसेल."

धक्का गोळा झाला. ओटा गेला, की तिचं म्हणावं असं जगात काही उरत नव्हतं. तिने डाव्या हाताने सुरी उचलली, फिरवली आणि मूठ त्याच्याकडे केली.

"माझा हात तू मोडलास. आता तूच काप."

कुणीतरी फिदकन हसलं. मागे सरेल तर पैलवान कसला. त्याने सुरी हिसकावली आणि खुपसली, नको तिथे, नको तेवढी खोल. मुशीची शेपटी त्याच्या गुडघ्यावर बसली. तो रक्तात घसरला, उठला, ओठ चावत सुरी ओढत राहिला. पिल्लं त्याच्या अंगावर आली. काही सुरीने अर्धी झालेली, काही सबंध, त्याच्या पायांत वळवळणारी. त्याने सोटा घेतला आणि ठेचायला सुरुवात केली. एक ठेचलं की दुसरं हलायचं. शिव्या देत तो ठेचत होता, मग नुसताच ठेचत होता. थांबला तेव्हा मिशीवरून रक्त ओघळत होतं.

"वरून काय कळतंय?" तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "आत काय आहे ते वरून कसं कळणार?"

तिला त्याची मनापासून किळस आली. कडेवर घेऊन वाढवलेल्या भावाची इतकी किळस येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तरी ती उठली. बोटीत दुसरी एक मुशी पडली होती, तिच्या डोक्याचा केव्हाच चेंदा झाला होता. पोटफोडी काठ धरत बोटीत उतरली.

"ये इकडे."

तो आला. तिने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि त्याचा पंजा मुशीच्या पोटावर दाबला, मागच्या पराच्या पुढे, जरा खाली.

"हलतंय?"

त्याने मान डोलावली.

"हे जाळ्यात बघायचं. हललं, की जाळं कापून सोडायची. इथे आणल्यावर बघून उपयोग नाही."

"आई मेली तरी हलतात?"

"थोडा वेळ."

त्याने हात काढून घ्यायला पाहिलं. तिने काढू दिला नाही. मोडक्या हातातून कळा मस्तकात जात होत्या, तरी पकड तिने सैल केली नाही.

"ताई, आता नाही हलत," पैलवान म्हणाला.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "थांब."