बसल्या मापाची पॅन्ट

ऐका हो, एका पॅन्टची गोष्ट सांगतो. हसायचं तर हसा, पण मधे उठू नका.

बाटल्या भरायच्या कारखान्यात एक फिटर होता. बावीस वर्षं मशिनीखाली काढली, मग सुपरवायझर झाला. सकाळी वर ऑफिसात, दुपारी खाली मशिनीवर. पहिल्याच आठवड्यात मशिनीचा पट्टा अडकला. हा इस्त्रीच्या पॅन्टीत धावत आला, उकिडवा बसला आणि चर्रर! मागून उभी फाटली. मग वरच्या मीटिंगला गडी भिंतीला पाठ लावून उभा. साहेब म्हणाले, "बसा ना." हा म्हणतो, "नको, उभ्यानं नीट ऐकू येतं."

त्या दिवसापासून त्यानं वाकणंच सोडलं. लांबून बोट दाखवायचा. एकदा त्याचा जुना जोडीदार मशिनीखालून म्हणाला, "काय साहेब, गुडघे वरच्या मजल्यावर ठेवून आलात का?"

सगळे हसले. हा पण हसला, पण घरी ताट अर्धं टाकून उठला. बावीस वर्षं अरे-तुरे करणारा माणूस आज साहेब म्हणाला होता.

मग दुकानं पालथी घातली. जाड पॅन्ट घ्यावी तर ऑफिसात गोणपाट नेसल्यासारखी, पातळ घ्यावी तर पुन्हा चर्रर. आरशापुढं मात्र प्रत्येक पॅन्ट झकास! शेवटी बायको वैतागली. "किती हिंडाल? माझ्या काकांकडं चला." काका जुने शिंपी.

टेप गळ्यात टाकून काका म्हणाले, "बसा जावईबापू."

हा खुर्ची शोधायला लागला.

"खुर्ची कशाला? मशिनीपुढं बसता तसं बसा. उभ्यानं फाटली होती का?"

बसला बिचारा. काकांनी मागून माप घेतलं. उभ्या मापापेक्षा चार बोटं जास्त भरलं. मांड्यांच्या मधे त्यांनी चौकोनी तुकडा जोडला, गुडघ्यांना आतून जुन्या पॅन्टीचं कापड लावलं. बाहेरून बघाल तर साधी काळी पॅन्ट.

सोमवारी मीटिंग चालू असतानाच पट्टा अडकला. हा तसाच खाली आला. बसला. सगळे कान टवकारून थांबले. आवाजच नाही! मशिनीखालून जोडीदाराचा हात बाहेर आला.

"अरे बघत काय बसलास, पाना दे!"

काम उरकून हा ग्रीससकट वर गेला आणि खुर्चीत ऐसपैस बसला. पॅन्टीवर डाग दिसला नाही. खुर्चीवर दिसला असेल तर साहेब बघतील.

तर एवढं करा. पुढच्या वेळी शिंपी माप घ्यायला लागला, की त्याच्यापुढं एकदा उकिडवं बसा. हसला तर हसू द्या त्याला.