भाऊसोंचा खुलासा

वडूजच्या लग्नात गंठण हरवलं, तेव्हा नवरीच्या खोलीत बॅगा राखत बसली होती भावकीतली सोळा वर्षांची स्वप्नाली. नवरीची आई रंगूबाई बॅग उपसून थकली आणि थेट माइकवाल्या भाऊसोंकडं गेली. भाऊसो म्हणजे तालुक्यातल्या लग्नांचा आवाज. पाहुण्यांचं स्वागत असो की चुकलेलं पोर, अर्धवट काही सांगायचं नाही हा त्यांचा नेम.

“कुमारी स्वप्नाली सिद्धू पुकळे, असाल तिथून स्टेजकडं या. गंठण आपल्याकडं असल्यास देऊन टाका, मंगल कार्यात विघ्न नको!”

अकरा बायकांनी तिची झडती घेतली. बारावी दारात उभी राहून बाहेरच्यांना हालहवाल पुरवत होती.

चार दिवसांनी गंठण आहेराच्या साडीच्या घडीत सापडलं. रंगूबाई आली, चहा प्याली, म्हणाली, “चुकतंया मानूस. मनात धरू नगंस पोरी.” कप विसळायलाही थांबली नाही.

आरोप ऐकणारे आठशे. सापडल्याचं कळलं सतरा जणांना, आणि त्यातल्या पाचांचं म्हणणं, पोरीनंच गुपचूप आणून ठेवलं असणार. कॉलेजात स्वप्नालीच्या बाकावरची मैत्रीण डबा खायला दुसरीकडं बसू लागली. मग एकेक करत सगळ्याच.

स्वप्नालीनं आजीकडं एकच मागितलं. “जिथं बोलले, तिथंच बोलायला सांग.”

आजी, म्हणजे अंबूबाई, भाऊसोंच्या दारात जाऊन बसली. “आवं, तुमीच बोललासा, आता तुमीच पुसा.”

“अंबूबाई, काळजी सोडा. पुढल्या महिन्यात माधवनगरला लगीन हाय. आपलं समदं गाव तिथंच असनार. असा खुलासा करतो, की लोक उठून टाळ्या वाजवतील!”

माधवनगरच्या कार्यालयात अर्धी माणसं वडूजची, अर्धी सांगलीकडची. वडूजच्या बायकांनी स्वप्नालीला पाहून पदर सावरले. पण नवरदेवाची बहीण संयोगिता तिला ओळखतही नव्हती. तिनं सरळ हात धरला. “तू वडूजची ना? चल, अक्षता वाटायच्यात. आणि हे धर, मला नाचायचंय.” पर्स आणि मोबाइल स्वप्नालीच्या हातात देऊन ती वरातीत शिरली.

स्वप्नालीनं पर्स दोन्ही हातांनी धरली. सांगलीच्या एका मावशीनं तिच्या ओंजळीत अक्षता टाकल्या, दुसरीनं वेणी सारखी केली. त्या झडतीनंतर तिला पहिल्यांदा कुणी विनाकारण हात लावला होता. इथं खुलाशाची गरजच नव्हती. ते लक्षात आलं, तशी ती स्टेजकडं धावली.

“भाऊसो काका, नका सांगू. राहू द्या.”

भाऊसोंनी माइकवर हात ठेवला. “थांब बाळ, घाई नको. तुझंच हाय फुडचं.”

“नको, काका—”

“लाजू नगंस गं!” त्यांनी घसा खाकरला. “आता एक आनंदाची बातमी! मागील विवाहात जिच्यावर सोन्याच्या गंठण-चोरीचा आळ आला होता, जिची झडती घेण्यात आली होती, ती कुमारी स्वप्नाली सिद्धू पुकळे पूर्णपणे निर्दोष आहे! ही बघा, इथंच उभी आहे!”

टाळ्या खरंच झाल्या. सांगलीकडच्यांनी शेजाऱ्याला “कसली चोरी?” असं विचारत वाजवल्या. वडूजकरांनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, कारण पाहुण्याला अर्धवट सांगणं बरं दिसत नाही.

संयोगिता घाम पुसत आली. “अगं, दे ती पर्स. तुला कशाला उगाच ओझं?” हसत हसतच तिनं चेन उघडली, आत पाहिलं, चेन लावली.

पंगतीत अंबूबाई नातीला खेटून बसली. म्हातारीचा चेहरा फुलला होता. “बोलला की गं गडी! समद्यांफुडं बोलला.”

“व्हय आजी,” स्वप्नाली म्हणाली. “समद्यांफुडं.”

तिच्या डाव्या बाजूचं ताट वाढून तयार होतं. वाढपी दोनदा येऊन विचारून गेला, इथं कुणी बसणार आहे का.