ती ओळ कुणी पुसली?

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, कोपऱ्यावरचा. मैदानाकडे जाणारी गल्ली मोठ्या रस्त्याला जिथे मिळते, तिथे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाबाहेर टांगलेला. आयुष्यभर लोकांनी काय काय लिहिलं ते निमूट अंगावर घेतलं, पुसलं तेव्हाही हूं का चूं केलं नाही. पण सध्या माझ्या तोंडावर कापड बांधलंय. तोंड बांधल्यावर मात्र गप्प राहवेना.

जन्म माझा शाळेसाठीच झाला. सुताराने मला चांगल्या लाकडाचा घडवला, दोनदा काळा रंग दिला. पाढे, नकाशे, कवितांच्या ओळी, सगळं माझ्या अंगावरून गेलं. मग वर्गात पांढरे गुळगुळीत फळे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे माझ्यावर फुटकी बाकं रचली, त्यांच्यावर जुने पडदे. मुलं म्हणजे देवाघरची फुलं असतील, पण जिन्याखाली येऊन खडूने मला मिशा काढणारीही तीच.

तिथून मला उचललं रेडिओकाकांनी. हे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करायचे. लोकांनी रेडिओ ऐकणं सोडलं, दुकानात चिटपाखरू फिरकेना, तेव्हा काका स्वतःच रेडिओ झाले. सकाळी वर्तमानपत्र वाचायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बातम्या सांगायच्या, त्यावर स्वतःचं मतही द्यायचं. काकू एकदा कंटाळून म्हणाल्या, "एवढं बोलण्यापेक्षा कुठेतरी लिहून ठेवा. लोक जाता जाता वाचतील आणि तुमचा घसाही वाचेल." दुसऱ्याच दिवशी काका शाळेच्या शिपायाला भेटले आणि मला खांद्यावर टाकून घेऊन आले.

काकांनी माझ्यावर रंगाने दोन उभ्या रेघा ओढल्या. तीन खाने झाले: शहर, राज्य, खेळ. रोज सकाळी दुकान उघडलं की ओल्या फडक्याने मला पुसायचं, वाळू द्यायचं आणि मग लिहायचं. अक्षर टपोरं, जीभ तिखट.

'शहर'मध्ये यायचं: "उद्या पाणी येणार नाही. काल आलं नव्हतं, त्याची सूचना आज मिळाली." 'राज्य'मध्ये: "मंत्रिमहोदयांनी पक्ष बदलला. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, खड्डेही तेच." आणि 'खेळ'मध्ये: "आपल्या संघाने कालही झेल सोडले. संघाला क्षेत्ररक्षणाचा प्रशिक्षक असल्यास त्यांनी समोर यावं."

लोक हसायचे. माझ्यासमोर गर्दी व्हायची. शेजारचा सलूनवाला अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच सोडून वाचायला यायचा आणि वाद घालायचा. इस्त्रीवाली मावशी कोळशाची इस्त्री बाजूला ठेवून विचारायची, "आज काय म्हणतोय हो तुमचा फळा?" तिला वाचता यायचं, पण काकांच्या तोंडून ऐकायला जास्त आवडायचं. मला तेव्हा वाटायचं, जिन्याखालून निघून आपण किती मोठ्या जागी आलो.

पण माणसं वाचतात कशी, ते मी समोरून पाहिलंय. डोळे आधी 'खेळ'वर जातात, तिथून 'राज्य'वर. तिथे थोडं भांडण करायचं, त्याचा मुख्यमंत्री चोर, याचा त्याहून चोर. आणि 'शहर'चा खाना येईपर्यंत सगळ्यांना उशीर झालेला असतो. राज्यात कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसलंय हे तोंडपाठ, आपल्या गल्लीत पाय कुठे ठेवायचा हे मात्र कुणाला विचारू नका.

माझ्या तळाशी काकांनी एक पट्टी राखून ठेवली होती. तिथे एकच ओळ असायची, आणि ती रोज पुसली जात नसे. गल्लीतलं जे काम अडलेलं असेल ते तिथे लिहायचं, आणि काम ज्याने केलं त्यानेच ती ओळ पुसायची. दुसऱ्या कुणी, अगदी काकांनीसुद्धा, तिला हात लावायचा नाही. अशी रीत. एकदा रस्त्यावरचा दिवा लावणारा वायरमन शिडीवरून उतरला आणि त्याने आपल्या बाहीने ओळ पुसली, तेव्हा दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याला चहा मिळाला. लाजून तो अर्धा कप तसाच ठेवून गेला.

मग कचऱ्याच्या गाडीचं चाक वरून गेलं आणि मैदानाच्या फाटकाजवळच्या गटाराचं झाकण फुटलं. पट्टीत नवी ओळ आली: "फाटकाजवळच्या गटाराला झाकण नाही. जपून." पुढे बाण.

ही ओळ काही पुसली जाईना. काकांनी कचेरीत खेपा घातल्या. तिथे या खात्याने त्या खात्याकडे बोट दाखवलं. नगरसेवक एकदा गाडीची काच खाली करून माझ्यापाशी थांबले. वाटलं, आता काहीतरी होणार. ते म्हणाले, "काका, तुमचं लेखन खुमासदार असतं हं! आमच्या घरी सगळे वाचतात." आणि काच वर गेली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. खुमासदार! उघडं गटार यांना खुमासदार वाटलं!

आणि गल्लीने काय केलं? गल्ली त्या भोकाला सरावली. भाजीची पिशवी घेऊन बायका बरोबर तिथे वळायच्या, सायकलवाले न बघता हँडल फिरवायचे. इस्त्रीवाल्या मावशीचा मुलगा लंबू तर त्याच्यावरून उडी मारायचा. लंबू म्हणजे ताडमाड उंच, पार्सलच्या ऑफिसात ओझी उचलणारा आणि संध्याकाळी मैदानात गोलंदाजी करणारा. तो गल्लीतून धावत यायचा, गटारावरून लांब झेप घ्यायचा आणि फाटकातून आत. काकू ओरडायच्या, "अरे मेल्या, पाय मोडून घेशील!" तो हसायचा, "काकू, सराव आहे हा. चेंडू टाकताना अशीच उडी लागते." त्याला बघून सगळे खूश. त्याच्या पायाखाली काय आहे ते माझ्या अंगावर लिहिलेलं होतं, पण ती ओळ आता कुणाला ओळ वाटतच नव्हती. भिंतीवरच्या ओलीसारखी झाली होती ती.

त्या वर्षी शहराच्या स्पर्धेत आमच्या गल्लीचा संघ अंतिम सामन्यात पोचला. सामना आमच्याच मैदानावर. राज्य संघाचे निवड करणारे लंबूला पाहायला येणार होते, आणि त्यांनी पसंत केलं तर पुढच्या आठवड्यात त्याची चाचणी. मावशीने त्याचा पांढरा गणवेश इतका कडक इस्त्री केला होता की तो खुंटीवरून उतरून आपणच चालत जाईल असं वाटावं.

काका मैदानात ध्वनिक्षेपकावर समालोचन करायला गेले. दुकानं सोडता न येणाऱ्यांसाठी माझ्यावर धावफलक लिहायचं काम सलूनवाल्याने घेतलं. कर्ण्यातून काकांचा आवाज यायचा आणि तो लिहायचा. 'शहर' पुसलं, धावा लिहिल्या. 'राज्य' पुसलं, बळी लिहिले. मंत्रिमंडळ पुसलं गेलं तेव्हा मला काही वाईट वाटलं नाही. पण सामना रंगला, जागा संपली. कर्ण्यातून आवाज आला, "लंबू आला, लंबू आला... आणि दांडी गुल!" सलूनवाला नाचायला लागला. लिहायला जागा कुठाय? कुणीतरी म्हणालं, "ती खालची ओळ पुस की!"

"अरे, ती पुसायची नसते," समोरच्या दुकानातला औषधवाला बोलला.

"तिला कोण वाचतंय! आपल्याला काय माहीत नाही का गटार कुठेय ते?"

सलूनवाल्याने खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि एका फटक्यात पट्टी कोरी केली. तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं: "लंबूचा पाचवा बळी!!" लाकडाला घसा नसतो, म्हणून मी ओरडू शकलो नाही. नाहीतर त्या दिवशी ओरडलो असतो.

तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला. लंबूचा ऑफिसातला सोबती, काम संपवून थेट आलेला. या गल्लीत पहिल्यांदाच. तो माझ्यासमोर थांबला. वरून खालपर्यंत त्याने मला सगळा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. शेवटच्या ओळीवर तर त्याने हात मारला आणि "वा रे पठ्ठ्या!" म्हणून मैदानात धावला. हे मी विसरू शकत नाही. रोजच्या लोकांनी टाळलेली जागा या परक्या माणसाने नीट वाचली होती.

आम्ही जिंकलो. लंबूला खांद्यावर घेऊन लोक फाटकातून नाचत बाहेर आले. एका बाजूला तो सोबती होता, मान वर, डोळे लंबूकडे. त्याचा पाय भोकात गेला. तो खाली बसला आणि वरून लंबू कोसळला. लंबूचा गुडघा गटाराच्या काठाच्या दगडावर आपटला.

गोंगाट एकदम थांबला. काका अजून आत, कर्ण्यापाशी. त्यांना काही दिसत नव्हतं. सगळ्या गल्लीला त्यांचा आवाज ऐकू येत होता, "काय झालं? आवाज का थांबला? अरे, कुणी सांगेल का मला काय झालं?"

मावशी हातातला शर्ट तसाच घेऊन धावली.

डॉक्टर म्हणाले, चालेल. हळूहळू नीट चालेल. गोलंदाजीचं मात्र नाव काढू नका.

दुसऱ्या दिवशी सलूनवाला काकांपुढे येऊन रडला. "काका, मी पुसली."

"तू टॉवेलने पुसलीस," काका म्हणाले. "बाकीच्यांनी कधीच डोळ्यांनी पुसली होती."

काकू दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही? लिहिलं म्हणजे झालं, असं तुम्हाला वाटतं. एक पिंप तरी नेऊन उभं केलं होतंत का त्या भोकावर?" मी काकांच्या बाजूने बोलणार नाही. काकू खरं तेच म्हणाल्या.

त्या दिवशी काकांनी मला पुसलं आणि मग रॉकेलचा बोळा घेऊन दोन्ही उभ्या रेघाही घासून काढल्या. शहर, राज्य, खेळ असे वेगळे खाने उरले नाहीत. वर लिहिण्यासारखं काही नव्हतंच. शहराने गटार उघडं ठेवलं आणि राज्याचा गोलंदाज गेला, ही एकच बातमी होती.

आणि मग काय! बैल गेला आणि झोपा केला. इतके महिने ज्याला मुहूर्त मिळत नव्हता, ते झाकण दोन दिवसांत बसलं. लोखंडी, जाड, वर हिरवा रंग. नगरसेवक स्वतः आले, बरोबर फोटोवाला. त्यांचा माणूस काकांच्या कानाशी लागला, "काका, ती जुनी ओळ परत लिहा ना. साहेबांच्या हस्ते पुसायचीय. तुमची रीतच आहे ना, काम करणाऱ्याने पुसायची?"

मला वाटलं, काका खडू त्याच्या तोंडावर फेकतील. पण काका शांतपणे उठले. कुबड्या घेऊन लंबू मावशीच्या टेबलापाशी उभा होता, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या तळाच्या पट्टीत टपोऱ्या अक्षरात लिहिलं: "लंबूला चेंडू टाकता येत नाही."

मग ओलं फडकं साहेबांच्या हातात दिलं. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. साहेबांनी हसू तयार केलं, हात वर नेला आणि ओळ वाचली.

"हे काय लिहिलंय?"

"रीत आहे साहेब," काका म्हणाले. "काम ज्याने केलं त्याने पुसायची. पुसा."

फडक्यातून पाण्याचे थेंब साहेबांच्या बुटांवर पडत होते. गल्लीतलं एकही माणूस हसलं नाही. औषधवाला, सलूनवाला, मावशी, सगळे नुसते बघत उभे होते. साहेबांनी फडकं माझ्या चौकटीवर ठेवलं आणि "बघतो मी" म्हणून गाडीत बसले.

त्यांनी बघितलंच. चार माणसं आली आणि माझ्यावर त्यांचं छापील कापड ताणून बांधून गेली. नव्या झाकणाबद्दल त्यांचं अभिनंदन, त्यांनीच केलेलं. त्यांचा हात जोडलेला फोटो नेमका माझ्या तोंडावर. ते कापड काढायला गेलेल्या काकांना कचेरीची नोटीस आली, फळा विनापरवाना आहे म्हणून. उघड्या गटाराला परवाना लागत नव्हता, मला लागतो!

पण मी पुसलेला नाही. कापडामागे ती ओळ जशीच्या तशी आहे. रोज सकाळी इस्त्रीची शेगडी पेटवण्याआधी मावशी येते, कापडाची खालची कड वर दुमडते आणि कपडे वाळत घालायचा चिमटा लावते. साहेबांचे जोडलेले हात वर जातात आणि खाली ओळ दिसते. कुणी चिमटा काढून टाकला की ती दुसरा लावते. चिमटे तिच्याकडे भरपूर आहेत.

कधी या कोपऱ्यावरून गेलात तर वरचा चेहरा बघू नका. खालची ओळ वाचा, आणि मग तुमच्या गल्लीत अशी कुठली ओळ तुम्ही रोज वळसा घालून जाता, ते घरी जाऊन बघा. फक्त माझ्यासमोर उभं राहून मान डोलवू नका. मान डोलवणारे मी पुष्कळ पाहिलेत.