दादाचं उत्तर

दादा दूर परदेशातल्या गोदीत वेल्डर होता आणि पत्राला पोचायला दीड महिना लागायचा. त्यामुळे घरात पत्रं पुढचं धरून लिहायची सवयच पडली होती. "हे पत्र पोचेल तेव्हा माझी परीक्षा संपलेली असेल," असं धाकटी बिनधास्त लिहायची. तेव्हा तिने पुस्तक उघडलेलंही नसायचं.

यंदा मात्र पंचाईत झाली. आईच्या पित्ताशयातले खडे काढायला डॉक्टरांनी उद्या सकाळची वेळ दिली होती. आणखी थांबणं धोक्याचं आहे, असंही बजावलं होतं. आई मात्र हटून बसली. "थोरल्याला विचारल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवी होणार नाही." धाकटीने विनवण्या केल्या, रुसून पाहिलं. आई ढिम्म.

तशीच धाकटी कॉलेजात इंटरनेटच्या पहिल्या तासाला जाऊन बसली. शिकवायला ग्रंथपाल बाई होत्या. त्या स्वतः आठवड्यापूर्वीच शिकल्या होत्या, पण आव असा की जन्मभर हेच करत आल्यात. "माउसला ओला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे!" माहिती कशी शोधायची ते त्यांनी दाखवलं, प्रत्येकाला ईमेलचा पत्ता काढून दिला आणि म्हणाल्या, "आता कुणाला तरी दोन ओळी पाठवा."

दादाच्या मागच्या पत्रात एक ईमेल पत्ता होता. गोदीतला कारकून जेवणाच्या सुट्टीत कामगारांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसू द्यायचा. धाकटीने सवयीने टाइप केलं, "हे पोचेल तेव्हा आईचं ऑपरेशन झालेलं असेल. काळजी करू नकोस." आणि बटण दाबून मोकळी झाली.

बाईंचा फळा पुसून होतोय तोच पडद्यावर दादाचं नाव आलं.

"कधी झालं? आई कशी आहे? मला कुणीच कसं कळवलं नाही?"

धाकटी ताडकन उठून उभी राहिली. "बाई, माझा दादा... तो आत्ता तिथे बसलाय!"

बाईंनी वाचलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "अगं, मी आठवडाभर स्वतःलाच ईमेल पाठवत होते गं," त्या हळूच म्हणाल्या. सगळा वर्ग भोवती गोळा झाला.

धाकटीने लिहिलं, "झालं नाही. उद्या आहे. तुझ्या होकारासाठी आई अडून बसलीय."

उत्तर आलं, "आईला म्हणावं, मी हो म्हणतोय. आजच्या आज सांग. उद्या सुट्टी झाली की मी इथेच बसेन."

बाईंनी कागद छापून दिला. घरी आईने तो दोनदा वाचला.

"कधी लिहिलंय हे?"

"आज दुपारी."

आईने कागदाची घडी घातली. सहा वर्षं दादाचा ताप तो उतरल्यावरच या घरात कळत आला होता. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मग आत्ता काय करत असेल गं तो?"

हा प्रश्न तिने आजवर कधी विचारलाच नव्हता. "उद्या विचारते."

"विचार. आणि मी शुद्धीवर आले की आधी तेच सांग."